तुरुंगात साथ येते तेव्हा

१. कोंडवाडा

कोंडवाडा आपणां सर्वांना माहीत आहे. मोकाट गाय कोणाच्या धानात शिरली, की तिला हाकत नेऊन कोंडवाड्यात घालतात. मालक दंड भरतो आणि गाय सोडवून नेतो. गायीने नुकसान केले हे खरे. पण ती आत असेपर्यंत तिच्या चाऱ्यापाण्याची काळजी कोणी घ्यायची? कोंडवाडा ज्याच्या ताब्यात आहे त्याने. गाय तहानेने मेली तर "ती दुसऱ्याच्या शेतात शिरली होती" असे सांगून त्याला सुटता येत नाही. कारण गाय कोंडलेली आहे. तिला तळ्यावर जाता येत नाही.

आता समजा, कोंडवाड्यातल्या एका बैलाला लाळ्या-खुरकूत झाली. शहाणा माणूस काय करील? आजारी बैल वेगळा बांधील. गर्दी कमी करील. ज्यांचा दंड थोडा आहे त्यांची जनावरे लवकर सोडील. ढोरांच्या डॉक्टरला बोलावील.

जनावरासाठी आपण एवढे करतो. मग माणूस कोंडलेला असेल तर? या पाठात आपण तेच पाहणार आहोत.

२. कैदी कोण?

तुरुंगाला सरकारी भाषेत कारागृह म्हणतात. तुरुंगात असलेला प्रत्येक माणूस गुन्हेगार असतो, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही.

कैदी दोन प्रकारचे असतात. ज्याचा गुन्हा कोर्टात शाबीत झाला आणि ज्याला शिक्षा झाली, तो पक्का कैदी. ज्याच्यावर नुसता आरोप आहे आणि खटला अजून चालू आहे, तो कच्चा कैदी. कच्चा कैदी उद्या निर्दोषही ठरू शकतो. आपल्या देशात १०० कैद्यांपैकी सुमारे ७५ कैदी कच्चे आहेत. २०२२ सालच्या अखेरची सरकारी मोजणी हेच सांगते.

पुष्कळ कच्चे कैदी गरीब असतात. कोणाजवळ वकिलाला द्यायला पैसे नसतात. कोणाला जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाही. म्हणून ते आत राहतात.

आपल्या गोंदिया जिल्ह्यातले कित्येक कैदी भंडाऱ्याच्या जिल्हा कारागृहात किंवा नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात असतात. गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर आहे. देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आईला मुलाची भेट घ्यायची तर दिवसभराची मजुरी बुडते, शिवाय भाड्याचे पैसे लागतात. तरी ती जाते. भेटीच्या जाळीतून दोन शब्द बोलते आणि परत येते. कारागृहात या भेटीला मुलाखत म्हणतात.

३. भिंतीआड रोग लवकर पसरतो

साथ आली की सरकार सांगते, "एकमेकांपासून दूर राहा. हात धुवा. आजारी असाल तर वेगळ्या खोलीत निजा." घरातला माणूस हे करू शकतो. शेतकरी शेतावरच्या झोपडीत जाऊन राहू शकतो. कैदी काय करणार? तो कोणाजवळ निजेल, किती पाणी वापरील, डॉक्टरकडे केव्हा जाईल, यातले काहीच त्याच्या हातात नसते.

त्यातून तुरुंगात गर्दी. १० माणसांच्या जागेत १५ माणसे निजली, तर एकाचा खोकला साऱ्यांना लागतो.

ही गोष्ट आजची नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. पुढच्या जानेवारीत प्लेग भायखळ्याच्या तुरुंगातही शिरला. त्या वेळी वॉल्डेमार हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ मुंबईत प्लेगवर लस तयार करत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात ज्या कैद्यांनी स्वतःहून हात पुढे केला, त्यांना टोचली. लस घेतलेल्यांना प्लेगची बाधा फार कमी झाली. न घेतलेल्यांत कित्येकजण आजारी पडले, काही मेले. मुंबईत परळला हाफकिन यांच्या नावाची संस्था आजही आहे.

या गोष्टीतून दोन धडे मिळतात. पहिला असा की, कोंडलेल्या माणसांपर्यंत औषध पोचले तर त्यांचे जीव वाचतात. दुसरा असा की, कैदी झाला म्हणून त्याच्या अंगावर कोणताही प्रयोग त्याला न विचारता करता येत नाही. आधी डॉक्टरांनी स्वतः टोचून घेतले, मग विचारून दुसऱ्याला टोचले. हीच रीत योग्य.

तुरुंगात साथ आली तर काय करावे, हे जुन्या कायद्यातही होते. १८९४ सालचा तुरुंग कायदा इंग्रजांच्या राज्यात झाला. त्याच्या सातव्या कलमात म्हटले होते की, तुरुंगात माणसे फार झाली किंवा साथीचा रोग पसरला, तर कैद्यांसाठी दुसरीकडे तात्पुरता तुरुंग करून त्यांची सोय करावी. म्हणजे परक्या सरकारलाही गर्दी आणि साथ यांचा संबंध ठाऊक होता.

४. २०२० साली काय झाले?

करोनाची साथ आपण सर्वांनी पाहिली. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली. रेल्वे थांबली, एस. टी. थांबली. दूरदूरची माणसे पायी गावाकडे निघाली.

त्याच वेळी तुरुंगाच्या भिंतीआड काय चालले होते? महाराष्ट्रातील तुरुंगांत सुमारे २४ हजार माणसांची जागा होती. आत सुमारे ३५ हजार माणसे होती.

टाळेबंदीच्या दोन दिवस आधी, २३ मार्च २०२० रोजी, दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना हुकूम दिला. प्रत्येक राज्याने एक वरिष्ठ समिती नेमावी, आणि कोणत्या कैद्यांना काही काळ घरी सोडता येईल ते त्या समितीने ठरवावे, असा तो हुकूम होता. हा प्रश्न कोणी अर्ज केला म्हणून कोर्टापुढे आला नव्हता. न्यायाधीशांनी तो आपणहून हाती घेतला होता.

महाराष्ट्रात उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ए. ए. सय्यद या समितीचे प्रमुख होते. ज्या गुन्ह्याला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, त्या गुन्ह्यातील कच्च्या कैद्यांना तात्पुरता जामीन द्यावा, असे समितीने आधी ठरवले. विधी सेवेच्या वकिलांनी कैद्यांचे अर्ज लिहिले. कोर्टांनी ते तपासले. हळूहळू माणसे बाहेर पडू लागली. पण काम सावकाश चालले होते, आणि रोग थांबून राहत नाही.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात रोग शिरल्याचे उघड झाले. त्या तुरुंगात जागा आहे सुमारे ८०० माणसांची. तेव्हा आत अडीच हजारांहून अधिक माणसे होती. थोड्याच दिवसांत ७७ कैदी आणि २६ कर्मचारी बाधित निघाले. पुढे नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातही रोग पोचला.

मग सरकारची आणि समितीची पावले झपाट्याने पडली. ८ मे २०२० रोजी सरकारने रजेच्या नियमांत बदल केला. पक्क्या कैद्यांना ४५ दिवसांची तातडीची अभिवचन रजा देता येईल, आणि साथ चालू असेल तर ती ३०-३० दिवसांनी वाढवता येईल, असे ठरले. अभिवचन रजा म्हणजे ज्याला आपण पॅरोल म्हणतो ती. ११ मे रोजी समितीने आणखी कैद्यांचा विचार करायचे ठरवले. तुरुंगांतील जवळजवळ निम्मी माणसे, म्हणजे सुमारे १७ हजार, सोडण्याचे उद्दिष्ट सरकारने जाहीर केले. नवीन पकडलेल्या माणसाला एकदम जुन्या गर्दीत घालू नये, म्हणून ठिकठिकाणी शाळा आणि वसतिगृहे घेऊन तात्पुरते तुरुंग उभे केले. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कायद्यात सांगितलेला उपाय असा कामी आला.

पण सर्वांनाच सोडले नाही. मोक्का, युएपीए, अंमली पदार्थांचा कायदा अशा खास कायद्यांखालील कैद्यांना ही सवलत मिळाली नाही. उच्च न्यायालयाने ही वर्गवारी मान्य केली. अशा कैद्याला आपल्या आजाराचे कारण दाखवून कोर्टात वेगळा अर्ज करावा लागे. त्यांत म्हातारी, आजारी माणसेही होती. तेलुगू कवी वरवरा राव यांचे वय ८० च्या पुढे होते. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची प्रकृती पाहून २२ फेब्रुवारी २०२१ रोजी त्यांना ६ महिन्यांचा जामीन दिला. झारखंडच्या आदिवासींमध्ये काम केलेले फादर स्टॅन स्वामी ८४ वर्षांचे होते. कंपवातामुळे त्यांचे हात थरथरत. ते तळोजाच्या तुरुंगात होते. २०२१ च्या मे महिन्यात त्यांना मुंबईच्या रुग्णालयात हलवले, तेव्हा त्यांना करोना झाल्याचे आढळले. त्यांचा जामिनाचा अर्ज कोर्टात असतानाच ५ जुलै २०२१ रोजी ते वारले. त्यांच्यावरचा खटला सुरूही झाला नव्हता.

आणखी दोन अडचणी आल्या. पहिली अडचण भेटीची. रोग आत येऊ नये म्हणून मुलाखती बंद केल्या. ते कारण खरे होते. पण मग आईबापांना मुलाची खबर कशी मिळणार? म्हणून फोनवर आणि मोबाईलच्या पडद्यावर बोलण्याची सोय करावी लागली. भेट बंद करता येते, खबर बंद करता येत नाही.

दुसरी अडचण लशीची. २०२१ साली लशीसाठी नाव नोंदवायला आधार कार्ड मागत. पुष्कळ कैद्यांजवळ कार्ड नव्हते. कागद नाही म्हणून लस नाही, असे कसे चालेल? मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तुरुंगांतील साथीची आपणहून दखल घेतली आणि या गोष्टीबद्दल सरकारला विचारले. ६ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने ओळखपत्र नसलेल्या माणसांना लस देण्याची रीत ठरवून दिली. त्यांत भटके लोक, साधू आणि तुरुंगातील कैदी यांचीही नावे होती. दुसऱ्याच दिवशी, ७ मे २०२१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गरज नसताना पोलिसांनी कोणाला अटक करू नये, आणि तुरुंगांतील कैद्यांची व कर्मचाऱ्यांची वेळोवेळी तपासणी व्हावी. सुटलेल्याला घरी पोचायला गाडी नसेल तर तिची सोय करावी, हेही सांगितले. दार उघडले आणि गावाला जायला एस. टी. नसली, तर सुटका कागदावरच राहते.

५. वर्गातले प्रश्न

संध्याकाळच्या वर्गात हा पाठ घेतला की काही प्रश्न हमखास निघतात. ते आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

*शेतकरी :* बाई, एक इचारू का जी? ज्यानं चोरी केली त्यानं भोगावं. त्याले काहाले एवढी दवा-पानी?

*बाई :* भोगावे, हे खरे. पण काय भोगावे हे कोण ठरवतो?

*शेतकरी :* कोर्ट.

*बाई :* बरोबर. कोर्टाने दोन वर्षांची कैद सांगितली, तर दोन वर्षे मोकळेपण गेले. ती शिक्षा. कोर्टाने "याला तापाने मरू द्या" असे सांगितले का?

*शेतकरी :* नाही जी.

*बाई :* मग कोर्टाने न दिलेली शिक्षा दुसऱ्या कोणाला देता येत नाही. आणि कच्च्या कैद्याला तर कोर्टाने अजून काहीच शिक्षा दिलेली नाही.

*तरुण :* पन बाई, गावात भल्या मानसाले खाट भेटत नोहोती दवाखान्यात. तेव्हा कैद्याची काळजी आधी काऊन?

*बाई :* आधी नाही, बरोबरीने. बाहेरच्याला जे उपचार मिळतात, तेच आतल्याला मिळावेत. जास्त नकोत, कमीही नकोत. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली कैद्यांसाठी नियम केले. दक्षिण आफ्रिकेचे नेल्सन मंडेला २७ वर्षे तुरुंगात होते, म्हणून त्या नियमांना त्यांचे नाव दिले. त्यांतही हेच लिहिले आहे.

*शेतकरी :* सोडलेले कैदी पळून गेले असतील ना जी?

*बाई :* काही वेळेवर परतले नाहीत. पोलिसांना त्यांना शोधावे लागले. ते त्यांनी चुकीचे केले. रजेवर आलेल्या माणसाने मुदतीत परत गेलेच पाहिजे. २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने साथीत सोडलेल्या सर्वांना १५ दिवसांत हजर व्हायला सांगितले. त्यानंतर ज्याला पुन्हा जामीन हवा, त्याने कोर्टाकडे मागायचा. एकाने शब्द मोडला, की पुढच्या साथीत दहा जणांचे दार बंद होण्याची भीती असते.

*म्हातारी :* आमाले का त्याचं? आमच्या घरचं कोनी नाही तुरुंगात.

*बाई :* आजी, आर्थर रोडला कैद्यांबरोबर २६ कर्मचारीही आजारी झाले. ते कर्मचारी कोण होते? कोणाचे तरी मुलगे, कोणाचे बाप. शिपाई ड्यूटी करून घरी येतो. कैदी कोर्टात जातो, सुटून गावी येतो. तुरुंगाची भिंत माणसाला अडवते, तापाला अडवत नाही. आत रोग आटोक्यात ठेवला, तर बाहेरचे गावही वाचते.

*म्हातारी :* हे मात्र खरं हाय जी.

६. कैद्याचे हक्क कोणते?

आपल्या राज्यघटनेचे २१ वे कलम सांगते की, कायद्याच्या रीतीवाचून कोणाचेही जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. तेथे "कोणाचेही" असे म्हटले आहे. "चांगल्या माणसाचे" असे म्हटलेले नाही. म्हणून कैद्यालाही हे कलम लागू आहे.

पुढील गोष्टी नीट वाचा आणि दुसऱ्याला वाचून दाखवा.

(१) अटक झाल्यावर २४ तासांच्या आत माणसाला न्यायाधीशापुढे उभे केले पाहिजे. प्रवासाचा वेळ यात धरत नाहीत. साथीतही हा नियम सुटत नाही.

(२) अटकेचे कारण त्याला सांगितले पाहिजे. घरच्यांना किंवा त्याच्या माणसाला कळवले पाहिजे.

(३) तुरुंगात आल्यावर डॉक्टरने तपासले पाहिजे. आजारी कैद्याने डॉक्टर मागितला तर ते लगेच डॉक्टरला कळवले पाहिजे. तुरुंगात इलाज होत नसेल तर सरकारी दवाखान्यात न्यावे.

(४) साथीच्या काळात साबण, पुरेसे पाणी, तपासणी, औषध आणि लस मिळाली पाहिजे. आजाऱ्याला वेगळे ठेवावे. पण वेगळे ठेवणे ही शिक्षा नव्हे. अंधारकोठडीत टाकणे म्हणजे उपचार नव्हेत.

(५) वकील फुकट मिळतो. १९८७ सालच्या कायद्याने कोठडीतील प्रत्येक माणसाला हा हक्क दिला आहे. त्यासाठी तो किती गरीब आहे हे पाहत नाहीत.

(६) जात पाहून कैद्याला काम देता येत नाही, की वेगळ्या बराकीत ठेवता येत नाही. झाडू एकाला आणि चूल दुसऱ्याला, अशी जातीची वाटणी चालणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तसा निकाल दिला. साथीत झाडलोट आणि मैला साफ करण्याचे काम वाढते, तेव्हा हे विशेष लक्षात ठेवावे.

(७) कोठडीत किंवा तुरुंगात कोणी मेला, तर त्याची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करायची असते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगालाही २४ तासांत कळवावे लागते.

साथ येण्याआधीच तुरुंगातली गर्दी कमी ठेवणे हे सर्वांत चांगले. १ जुलै २०२४ पासून देशात नवा फौजदारी कायदा आला आहे. त्याच्या ४७९ व्या कलमात एक उपयोगी गोष्ट आहे. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने, त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल, तर त्याला जामिनावर सोडायचे असते. म्हणजे ज्या गुन्ह्याला ६ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, त्यात २ वर्षे झाली की तो सुटू शकतो. इतरांसाठी निम्मा काळ धरतात. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. एकाहून जास्त खटले चालू असतील तरीही हा लाभ मिळत नाही. अर्ज करायचे काम तुरुंग अधीक्षकाचे आहे. पण घरच्यांनी दिवस मोजून आठवण द्यायला हरकत नाही.

७. कागदाने काय होते?

"आमच्या कागदाला कोण विचारतो?" असे कोणी म्हणेल. तर ऐका.

१९७९ साली दिल्लीच्या तिहार तुरुंगातील एका कैद्याने दुसऱ्या कैद्यावर झालेल्या छळाची हकिकत पत्रात लिहिली. ते पत्र सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाकडे गेले. कोर्टाने ते साधे पत्रच अर्ज म्हणून धरले आणि कैद्यांच्या बाजूने निकाल दिला.

मुंबईत शीला बारसे नावाच्या पत्रकार होत्या. तुरुंगातील बायकांना त्या भेटल्या आणि त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. १५ फेब्रुवारी १९८३ रोजी कोर्टाने महाराष्ट्र सरकारला आज्ञा केल्या. बायकांची कोठडी वेगळी असावी. तेथे बायकाच पहारेकरी असाव्यात. आणि अटक झालेल्याचे हक्क मराठी, हिंदी व इंग्रजीत छापून कोठडीत लावावेत. आता विचार करा. ते हक्क मराठीत भिंतीवर लावले, पण आतल्याला वाचता आले नाही, तर उपयोग किती? आपण वाचायला शिकतो ते यासाठीही.

उलट गोष्टही आहे. हॉसकॉट खटल्यात शिक्षा झालेल्या माणसाला निकालाची प्रत वेळेवर हाती पडली नाही. त्याचे अपील चार वर्षांहून अधिक उशिरा कोर्टात आले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, निकालाची प्रत कैद्याला फुकट आणि लवकर दिली पाहिजे. कागद मिळाला नाही की माणसाची वर्षे जातात.

८. अर्ज कसा लिहावा?

आपल्या माणसाची तब्येत तुरुंगात बिघडली असे कळले, तर रडत बसू नये. दलालाला पैसे देऊ नयेत. गोंदियाच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. तालुक्याच्या कोर्टातही विधी सेवा समिती असते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही मदत मागता येते. अर्ज असा लिहावा.

> प्रति,
> मा. सचिव,
> जिल्हा विधी सेवा प्राधिकरण,
> जिल्हा न्यायालय, गोंदिया.
>
> विषय : आजारी कैद्याला उपचार व वकील मिळणेबाबत.
>
> महोदय,
> माझा मुलगा / पती / भाऊ ________ हा ता. ________ पासून ________ येथील कारागृहात आहे. पोलीस ठाणे ________, गुन्हा क्रमांक ________. तो कच्चा / पक्का कैदी आहे.
>
> त्याचे वय ________ वर्षे आहे. त्याला ________ हा आजार आहे. तो रोज ________ हे औषध घेत होता. डॉक्टरचा कागद सोबत जोडला आहे. कारागृहात सध्या ________ ची साथ असल्याचे समजले.
>
> माझी विनंती आहे की,
> (१) त्याची तपासणी करून प्रकृतीची माहिती आम्हांस कळवावी.
> (२) गरज असल्यास त्याला सरकारी रुग्णालयात हलवावे.
> (३) जामिनाच्या किंवा रजेच्या अर्जासाठी त्याला मोफत वकील द्यावा.
>
> आपला / आपली,
> नाव, गाव, तालुका, फोन, सही किंवा अंगठा, तारीख.

असाच एक अर्ज तुरुंग अधीक्षकांना पाठवावा. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक कार्यालयात द्यावी. दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घ्यावी. याला पोच म्हणतात. पोच घरी जपून ठेवावी. खरे तेवढेच लिहावे. नसलेला आजार लिहू नये. एक खोटा अर्ज दहा खऱ्या अर्जांची पत घालवतो.

लिहिता येत नसेल तर शेजारच्या वर्गातल्या कोणाकडून लिहून घ्यावा. आणि ज्याला लिहिता येते, त्याने असा अर्ज लिहून देताना पैसे घेऊ नयेत. शिकलेल्याचे ते पहिले देणे आहे.

लक्षात ठेवा

कैदेत माणसाचे मोकळेपण जाते, जगण्याचा हक्क जात नाही.
ज्याच्या हाती किल्ली, त्याच्यावर जबाबदारी.
तुरुंगातला रोग तुरुंगात राहत नाही.
रजेवर आलेल्याने मुदतीत परत जावे.
अर्ज द्यावा, पोच घ्यावी.

नवे शब्द

कच्चा कैदी – ज्याचा खटला अजून चालू आहे असा कैदी.
जामीन – खटला चालू असताना हमीवर होणारी सुटका.
अभिवचन रजा – परत येण्याचा शब्द घेऊन पक्क्या कैद्याला दिलेली सुट्टी, पॅरोल.
मुलाखत – तुरुंगातील भेट.
बराक – पुष्कळ कैदी एकत्र ठेवण्याची लांब खोली.
पोच – कागद मिळाल्याची सही.

प्रश्न

१. कच्चा कैदी आणि पक्का कैदी यांत फरक काय?
२. तुरुंगात साथ लवकर का पसरते? दोन कारणे सांगा.
३. भायखळ्याच्या तुरुंगात १८९७ साली लस कोणाला टोचली? विचारून की न विचारता?
४. २०२० साली मुलाखती बंद झाल्यावर घरच्यांसाठी कोणती सोय करावी लागली?
५. एका गुन्ह्याला जास्तीत जास्त ३ वर्षे शिक्षा आहे. पूर्वी कधीही दोषी न ठरलेला कच्चा कैदी किती काळानंतर सुटू शकतो? हिशेब करा.
६. वरचा अर्ज वहीत उतरवून काढा. रिकाम्या जागी काय लिहाल ते आपसांत बोला.